‘एट तू, ब्रूटे?’ : एका उद्गाराचा अर्थ, उगम आणि वापर

प्रश्न असा विचारला आहे की, विश्वासघात झाल्यावर इंग्रजीत जो ‘एट तू, ब्रूटे?’ असा उद्गार काढतात, त्याचा नेमका अर्थ काय, ज्युलियस सीझर मरताना हे शब्द खरोखर बोलला होता का, आणि फसवणुकीच्या कोणत्याही प्रसंगी ते वापरावेत का. इंग्रजी साहित्य शिकवण्यात माझे बहुतेक आयुष्य गेले आहे आणि ज्या नाटकामुळे हा उद्गार सर्वतोमुखी झाला, ते नाटक मी वर्गात वारंवार शिकवले आहे. म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आधी थोडक्यात उत्तर. शब्द लॅटिन आहेत आणि त्यांचा अर्थ ‘तूसुद्धा, ब्रूटस?’ इतकाच आहे. सीझर हा प्राचीन रोमचा सत्ताधीश, आणि ब्रूटस हा त्याच्या जवळचा, पण त्याच्या हत्येच्या कटात सामील झालेला माणूस. ते ज्या रूपात आपल्याला ठाऊक आहेत, त्या रूपात सीझरने उच्चारल्याचे कोणत्याही प्राचीन ग्रंथात सापडत नाही. जगभर त्यांचा प्रसार झाला तो शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ या नाटकामुळे. विश्वासघाताच्या प्रत्येक प्रसंगाला ते लागू पडत नाहीत, आणि त्याचे कारण त्या ‘सुद्धा’मध्ये आहे. ‘तू मला फसवलेस’ असे हा उद्गार म्हणत नाही. ‘बाकीच्यांचे मी समजू शकतो, पण त्यांच्यात तूही असावास?’ असे तो विचारतो. विरोधात गेलेली माणसे अनेक असावी लागतात, त्यांच्यातले एक माणूस इतरांपेक्षा फार जवळचे असावे लागते, आणि ते त्या घोळक्यात दिसण्याचा तो क्षण असावा लागतो. यांतले एक जरी नसेल तर हा उद्गार पोकळ वाटतो.

हे नाटकातल्या प्रसंगावरून चांगले समजते. तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात सीझर कॅपिटॉलमध्ये, म्हणजे नाटकात जिथे सभा भरते त्या जागी, आलेला असतो. मेटेलस सिंबर आपल्या हद्दपार झालेल्या भावासाठी दयेची याचना करतो, आणि त्या निमित्ताने कटातले एकेक जण पुढे सरकत सीझरभोवती कडे करतात. ब्रूटस पुढे होऊन सीझरच्या हाताचे चुंबन घेतो आणि म्हणतो की, हे चुंबन खुशामतीचे नव्हे. सीझर दचकून एवढेच म्हणतो, ‘व्हॉट, ब्रूटस?’ म्हणजे या याचकांमध्ये ब्रूटस दिसल्याचे आश्चर्य त्याने आधीच, खंजीर बाहेर निघण्यापूर्वी, व्यक्त केलेले आहे. नंतर तो स्वतःची तुलना अढळ ध्रुवताऱ्याशी करतो. याचना थांबत नाही असे पाहून तो विचारतो, ‘डथ नॉट ब्रूटस बूटलेस नील?’ म्हणजे, ब्रूटसने टेकलेले गुडघेही व्यर्थच गेले ना? ब्रूटसचेही मी ऐकले नाही, तिथे तुमची काय कथा, असा त्याचा रोख आहे. सीझरच्या मनात ब्रूटसचे स्थान काय होते, हे या एका ओळीत कळते, कारण इतरांना नकार देण्यासाठी त्याला ब्रूटसचेच उदाहरण सुचते. पुढची ओळ कटातल्या कास्काची आहे, ‘आता माझे हातच बोलू देत’, आणि त्याबरोबर वार सुरू होतात. त्यानंतर सीझरच्या तोंडी अखेरचे शब्द येतात : ‘एट तू, ब्रूटे? देन फॉल, सीझर.’

ज्याच्याकडे काही क्षणांपूर्वी सर्वांत मोठा अपवाद म्हणून बोट दाखवले, तोच आता अपवाद राहिलेला नाही, हे या दोन ओळींच्या अंतरात घडते. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते की, ‘एट तू’ समजून घ्यायचे असेल तर त्याआधीची ‘बूटलेस नील’ची ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. एरवी तो उद्गार सुटा आणि नुसता भावुक वाटतो.

आता ‘देन फॉल, सीझर’ या उरलेल्या अर्ध्या ओळीकडे पाहू. लोकांच्या तोंडी पहिला भाग राहिला आणि हा भाग गळून गेला, याचे मला नेहमी वाईट वाटते, कारण उद्गाराचा खरा अर्थ या दोन भागांच्या जोडणीत आहे. ‘तूसुद्धा, ब्रूटस? मग पड, सीझर.’ ब्रूटसच जर त्या बाजूला असेल तर झुंजण्यात अर्थ नाही, असा तो निर्णय आहे. सीझर मारेकऱ्याला शाप देत नाही, त्याच्याकडे दयाही मागत नाही. तो स्वतःलाच, स्वतःच्या नावाने, पडण्याची आज्ञा करतो. संपूर्ण नाटकात स्वतःविषयी ‘सीझर असे करतो, सीझर तसे करत नाही’ अशा तऱ्हेने बोलण्याची त्याला सवय आहे, आणि ती सवय येथे शेवटची दिसते.

ही कल्पना शेक्सपिअरने हवेतून काढलेली नाही. त्याचा मुख्य आधार होता प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराने लिहिलेली ग्रीक व रोमन थोरांची चरित्रे. सर टॉमस नॉर्थ याने फ्रेंच भाषांतरावरून त्यांचे इंग्रजी रूपांतर करून ते १५७९ मध्ये प्रसिद्ध केले होते. प्लुटार्क असे नोंदवतो की, सीझर सर्व बाजूंनी होणारे वार चुकवत होता, परंतु ब्रूटसच्या हाती उपसलेले शस्त्र पाहताच त्याने आपला झगा डोक्यावरून ओढून घेतला आणि प्रतिकार सोडून दिला. म्हणजे मूळ हकिकतीत आहे ती केवळ एक कृती, शब्द नाहीत. रंगमंचावर मात्र गर्दीत घेरलेल्या माणसाने तोंडावर वस्त्र ओढून घेतले तर प्रेक्षकाला त्याचे कारण कळणार नाही. नाटककाराने त्या मुक्या कृतीला वाणी दिली, आणि ‘मग पड, सीझर’ हे त्या झग्याचेच शब्दरूप आहे.

मग प्रत्यक्षात काय घडले? इसवी सनापूर्वी ४४ या वर्षी १५ मार्च रोजी, रोमन पंचांगात ज्याला ‘आइड्स ऑफ मार्च’ म्हणत त्या दिवशी, रोममध्ये सीझरची हत्या झाली. जागा कॅपिटॉल नव्हती. सीझरचा जुना प्रतिस्पर्धी सेनानी पाँपी याने बांधलेल्या नाट्यगृहाच्या परिसरातील सभागृहात त्या दिवशी सिनेटची, म्हणजे रोमच्या राज्यसभेची, बैठक भरली होती, आणि सीझर कोसळला तो पाँपीच्याच पुतळ्याच्या पायथ्याशी. या परिसराचे अवशेष आजच्या रोममधील लार्गो दि तोर्रे अर्जेंतिना या चौकात पाहता येतात. सीझरच्या अंगावर २३ जखमा होत्या आणि त्यांतली केवळ छातीवरची दुसरी जखम प्राणघातक होती, असे अँटिस्टियस या वैद्याचे मत सुएटोनियस या रोमन चरित्रकाराने नोंदवले आहे.

अखेरच्या शब्दांच्या बाबतीत याच सुएटोनियसची साक्ष सर्वांत महत्त्वाची आहे. हत्येनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिताना तो सांगतो की, पहिल्या वाराला सीझर कण्हला, त्यापलीकडे त्याने एक शब्दही काढला नाही. मात्र मार्कस ब्रूटस अंगावर धावून येताना तो ग्रीक भाषेत ‘काइ सू, टेक्नॉन?’ असे म्हणाला, अशी काहींनी नोंद केली आहे, हेही तो पुढे लिहितो. त्याचा अर्थ ‘बाळा, तूसुद्धा?’ असा होतो. पुढे तिसऱ्या शतकात कॅसियस डिओ या इतिहासकाराने हीच दंतकथा पुन्हा सांगितली. म्हणजे ज्या लेखकाकडून ही कथा आपल्यापर्यंत आली, तो स्वतःच तिच्यामागे उभा राहत नाही. प्लुटार्कच्या वर्णनात ब्रूटसला उद्देशून काढलेला असा कोणताही उद्गार नाही. त्यामुळे सीझर हे म्हणालाच नाही असे ठामपणे सिद्ध होत नसले, तरी तो लॅटिनमध्ये ‘एट तू, ब्रूटे’ म्हणाला या समजुतीला आधार नाही, एवढे निश्चित सांगता येते.

त्या ग्रीक शब्दांचाही अर्थ सर्वजण एकच लावत नाहीत. ‘टेक्नॉन’ म्हणजे अपत्य. ब्रूटसची आई सर्व्हिलिया हिचे सीझरशी दीर्घकाळ प्रेमसंबंध होते, आणि त्यावरून ब्रूटस हा सीझरचाच मुलगा असावा अशी कुजबुज प्राचीन काळापासून चालत आलेली आहे. ब्रूटसच्या जन्माच्या वेळी सीझर जेमतेम पंधरा वर्षांचा असल्यामुळे बहुतेक इतिहासकार ती मानत नाहीत. आपल्याकडेही वडीलधारी व्यक्ती परक्याच्या मुलाला ‘बाळ’ म्हणते, त्यावरून कोणी रक्ताचे नाते जोडत नाही. काही अभ्यासकांना मात्र या शब्दांत माया दिसतच नाही. ‘काइ सू’ म्हणजे ‘तुलाही’ ही अक्षरे दृष्ट परतवण्यासाठी वापरत असत. अँटिऑक या प्राचीन शहरातील एका घरातल्या फरसबंदीच्या चित्रात, विंचू, साप, त्रिशूळ यांनी घेरलेल्या वाईट नजरेच्या डोळ्याशेजारी हीच अक्षरे लिहिलेली आहेत. त्या अर्थाने सीझरचे बोल ‘पोरा, तुझीही हीच गत होईल’ असा शाप ठरतात. मला हा तर्क आकर्षक वाटतो, पण इंग्रजीतल्या वाक्प्रचारात त्या शापाचा मागमूस उरलेला नाही. तिथे उरली ती फक्त व्यथा.

शेक्सपिअरच्या आधी हे लॅटिन शब्द इंग्लंडमध्ये प्रचलित होते का? होते. इंग्लंडच्या गुलाबयुद्धांवरील (पंधराव्या शतकात राजगादीसाठी झालेल्या यादवीवरील) एका नाटकाची १५९५ मध्ये छापलेली प्रत उपलब्ध आहे. शेक्सपिअरच्या ‘सहावा हेन्री’ या नाटकाच्या तिसऱ्या भागाचे ते वेगळे रूप मानले जाते. त्यात राजा एडवर्ड, आपला सख्खा भाऊ क्लॅरन्स शत्रूच्या बाजूने सैन्य घेऊन येताना पाहून म्हणतो, ‘एट तू ब्रूटे, विल्ट दाऊ स्टॅब सीझर टू?’ पुढे १६२३ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांचा जो मोठा संग्रह निघाला, त्यातल्या पाठात ही ओळ नाही. परंतु तिच्यावरून हे दिसते की, ‘ज्युलियस सीझर’ रंगभूमीवर येण्यापूर्वीच हा उद्गार तयार वाक्प्रचारासारखा वापरात होता, आणि तो रोमशी संबंध नसलेल्या, भावाने भावाला सोडल्याच्या प्रसंगी चपखल बसत होता. ‘ज्युलियस सीझर’ १५९९ मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात होत होते. टॉमस प्लाटर या स्विस प्रवाशाने त्या वर्षीच्या २१ सप्टेंबर रोजी सीझरवरचे एक नाटक पाहिल्याचे लिहून ठेवले आहे, आणि ते हेच असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच वर्षीच्या, शेक्सपिअरचा समकालीन नाटककार बेन जॉन्सन याच्या एका विनोदी नाटकातही हा उद्गार येतो, तोही थट्टेच्या सुरात. गंभीर आणि हलका असे त्याचे दोन्ही वापर चारशे वर्षांपूर्वीच रूढ झाले होते.

सगळे नाटक इंग्रजीत चालू असताना हे तीनच शब्द लॅटिनमध्ये का ठेवले, असे वर्गात हमखास विचारले जाते. माझ्या मते एक कारण असे की, त्या काळच्या शाळांत लॅटिन शिकवले जात असे, आणि प्रेक्षागृहातल्या अनेकांना हे शब्द ओळखीचे होते. ते केव्हा येतात याची ते वाट पाहत असणार. दुसरे असे की, एवढा वेळ जाहीर भाषेत, सिंहासनावरून बोलल्यासारखा बोलणारा सीझर मरणाच्या क्षणी एकदम स्वतःच्या खऱ्या भाषेत बोलतो. ग्रीक दंतकथेतला ‘बाळ’ येथे नाही. त्याच्या जागी नाव आले आहे, आणि जवळच्या माणसाला असे नाव घेऊन हाक मारण्यात जो थेटपणा आहे, तो कोणत्याही विशेषणात आला नसता.

उद्गाराला आज जो अर्थ आहे, त्याचे निम्मे श्रेय मात्र सीझरला नव्हे, तर सीझरचा निष्ठावंत मित्र मार्क अँटनी याला द्यावे लागते. पुढच्याच प्रवेशात तो जमावापुढे सीझरचा रक्ताने माखलेला झगा उलगडतो आणि त्यावरच्या एकेका फाटक्या जागेवर बोट ठेवून सांगतो : येथून (कटाचा एक सूत्रधार) कॅसियसचा खंजीर गेला, ही चीर कास्काची, आणि येथून लाडक्या ब्रूटसने भोसकले. ‘धिस वॉज द मोस्ट अनकाइंडेस्ट कट ऑफ ऑल’ ही विश्वासघाताची दुसरी प्रसिद्ध इंग्रजी ओळ त्याच भाषणातली आहे. सर्व वारांत निष्ठुर वार हा, असे तो म्हणतो. शस्त्रांनी नव्हे तर कृतघ्नतेने सीझरला हरवले, त्याचे काळीजच फुटले, असेही तो लोकांना पटवतो. पण येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. वार होत असताना अँटनी तेथे नव्हताच. कटातल्याच ट्रेबोनियसने त्याला आधीच बाजूला नेले होते. कोणती चीर कोणाच्या खंजिराची, हे त्याला कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. जमावाला ब्रूटसच्या जखमेचे दर्शन घडवणे ही त्याची वक्तृत्वातली निर्मिती आहे, आणि शेक्सपिअरने ती प्रेक्षकांच्या देखत, न लपवता घडवली आहे. आज आपण ब्रूटसचे नाव घेताना जो संताप अनुभवतो, तो बहुतांशी अँटनीने शिकवलेला आहे.

ब्रूटसची बाजूही याच नाटकात तितक्याच ताकदीने मांडलेली आहे, आणि ती विसरून हा वाक्प्रचार नीट समजत नाही. सीझरवर माझे प्रेम कमी होते म्हणून नव्हे, तर रोमवर अधिक होते म्हणून मी हे केले, असे तो सांगतो. तो पैशासाठी फुटलेला नाही. तीस चांदीच्या नाण्यांसाठी येशूला पकडून देणाऱ्या जूडासची गोष्ट निराळी आहे. ब्रूटस मेल्यावर खुद्द अँटनी त्याला ‘सर्व रोमनांत उदात्त’ म्हणतो आणि इतरांनी मत्सराने केले ते याने सर्वांच्या हितासाठी केले, अशी ग्वाही देतो. इतिहासातल्या ब्रूटसलाही आपल्या कृत्याची लाज वाटत नव्हती. त्याने पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला त्याचा स्वतःचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, त्यांच्यामध्ये गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांची टोपी, आणि खाली ‘आइड्स ऑफ मार्च’चा लॅटिन संक्षेप आहे. मारेकऱ्याने हत्येची तारीखच नाण्यावर घातली! याच्या उलट, चौदाव्या शतकात दांतेने आपल्या महाकाव्यात नरकाच्या तळाशी सैतानाच्या तीन तोंडांत जूडास, ब्रूटस आणि कॅसियस या तिघांना चघळले जाताना दाखवले. एकच माणूस एकीकडे मुक्तिदाता आणि दुसरीकडे महापातकी, या दोन परंपरा शेक्सपिअरच्या हाती आल्या आणि त्याने दोहोंपैकी एकीचीही बाजू घेतली नाही.

जाता जाता एक गोष्ट नोंदवते. त्या दिवशी सीझर घरीच राहणार होता; त्याच्या घरी जाऊन, मन वळवून त्याला सभागृहात आणणारा माणूस वेगळाच होता. त्याचे नाव डेसिमस ब्रूटस. मार्कस ब्रूटस यादवी युद्धात पाँपीच्या बाजूने लढला होता आणि इसवी सनापूर्वी ४८ मधील फार्सालसच्या लढाईनंतर सीझरने त्याला माफी दिली होती. डेसिमस मात्र गॉलच्या (साधारण आजच्या फ्रान्सच्या) मोहिमेपासून सीझरचा विश्वासू सेनानी होता, आणि सीझरच्या मृत्युपत्रात दुय्यम वारसांमध्ये त्याचे नाव होते. विश्वासघाताचे मोजमाप जवळिकीवरून करायचे, तर त्याचा वार अधिक खोल म्हणावा लागेल. नाटकात तो ‘डेशियस’ या चुकीच्या नावाने येतो आणि वाचकांच्या लक्षातही राहत नाही.

मराठीत या उद्गाराच्या सर्वांत जवळ जाणारे काय, असाही प्रश्न उरतो. ‘पाठीत खंजीर खुपसणे’ हे मला जवळचे वाटत नाही, कारण त्यात घात करणारा दिसत नाही, आणि येथे तर सगळे समोरासमोर, नजरेला नजर भिडून घडते. ‘केसाने गळा कापणे’ यात विश्वासातल्या माणसाने केलेल्या घाताची धार नेमकी आहे, पण ते तिऱ्हाइताने केलेले वर्णन आहे. घात झालेल्याच्या तोंडून निघालेला शब्द नाही. त्या दृष्टीने मला ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांच्या हातून मारल्या गेलेल्या नारायणराव पेशव्यांच्या नावावर असलेली ‘काका, मला वाचवा’ ही हाक आठवते. तिलाही सीझरच्या शब्दांप्रमाणे लोकस्मृतीने अजरामर केले. परंतु दोहोंची दिशा उलट आहे. नारायणराव ज्या रघुनाथरावांना बिलगू पाहत होता, त्यांच्यावर त्याची अजून आशा होती. ‘एट तू’ म्हणणाऱ्याची आशा त्या क्षणी संपलेली असते. म्हणून ‘तूसुद्धा?’ एवढेच साधे मराठी मला सर्वांत योग्य वाटते. त्यापुढे ज्याचे त्याचे नाव घालावे.

वापराविषयी शेवटी थोडे. आजच्या इंग्रजीत हा उद्गार बहुतेक वेळा हलक्या सुरात येतो. सहलीला डोंगरावर जायचे की समुद्रावर, यावर घरातले सगळे तुमच्या विरोधात गेले आणि शेवटी नेहमी तुमची बाजू घेणारी धाकटी बहीणही समुद्राच्या बाजूने बोलली, तर तिच्याकडे पाहून ‘एट तू?’ म्हणणे अगदी रास्त आहे. नाव घेतले नाही तरी अर्थ पोहोचतो. व्यवहारात भागीदाराने एकट्याने पैसे लुबाडले, तर तेथे हा उद्गार चालणार नाही, कारण त्या घोळक्याचा आणि ‘सुद्धा’चा संबंधच येत नाही, तेथे सरळ विश्वासघात म्हणावे. एखाद्याला तिसऱ्या माणसाजवळ ‘तो ब्रूटस निघाला’ असे म्हणण्याची पद्धत मराठी वृत्तपत्रांत रुळली आहे, पण त्यात ब्रूटस हा सूर्याजी पिसाळासारखा फितुरीचा नुसता शिक्का होतो. फितुराला फितूर म्हणायला मराठीत शब्दांची वाण नाही. उच्चार ‘ब्रूट्’ असा एका उच्चारखंडाचा नाही, ‘ब्रू-टे’ असा दोन उच्चारखंडांचा आहे. आपल्याकडे ऐकू येणारे ‘यू टू, ब्रूटस’ हे त्याचे भाषांतर आहे; बोलताना ते खुशाल वापरावे, पण शेक्सपिअरची ओळ म्हणून अवतरणचिन्हांत उद्धृत करायचे असेल तर लॅटिनच लिहावे, आणि जमल्यास ‘देन फॉल, सीझर’सह.